बगळा छाप

पात्यावर बगळा कोरलाय, एका पायावर उभा.
म्हणजे होता.
एकोणीस हिवाळे दगडावर घासता घासता
पातं अरुंद होत गेलं.
आधी बगळ्याखालचं पाणी गेलं,
मग पाय.
आता तो उडतोय, असं सुगंधा म्हणायची.

डोळे भरणं हा माझा धंदा.
रडण्याचे नाहीत, संत्र्याचे.
जंबेरीच्या खुंटावर वीतभर उंचीला टीचा छेद,
साल अलगद उचकायची, लाकडाला कळू न देता,
डोळा आत सरकवायचा,
आणि मागून सुगंधा पट्टी गुंडाळत येते.
दिवसाला हजार.
कडाक्याची थंडी असली तर अकराशे,
कारण थांबलं की बोटं आखडतात.

शेजारच्या वाफ्यात देवमन इरपाचे.
तो घोडा छापवाला.
अठरा वर्षं आमचं एकच भांडण.
"बगया म्हंजे डबक्यातलं पाखरू. मासोया धराले ने त्याले."
"तुया घोड्याले नाल हाये का? सालीवरून घसरते लेकाचा."
डबे सोडायच्या आधी दोघंही
पातं मनगटावरून फिरवतो, केस उडवून दाखवतो.
माझं डावं मनगट बारा महिने गुळगुळीत.
त्याचंही.

पोट्टे हसतात.
ते मोबाइलवरून मागवतात, पिवळ्या मुठीचे, परदेशी.
खरं सांगतो, चांगले असतात.
एक हातात घेऊन पाहिला, वजनच नाही.
कुणी हात मिळवावा
आणि नाव न सांगता निघून जावं, तसं वाटलं.

गेल्या पौषात माझा बगळा हरवला.
चाळीस हजार रोपांत.
शोधत बसलो तर मजुरी बुडते.
देवमननं, भांडायची एवढी चांगली संधी सोडून,
आपला जुना घोडा पुढे केला,
मूठ माझ्याकडे, पातं स्वतःकडे.

तीन दिवस मी घोड्यानं डोळे भरले.
महिन्याभरानं पट्ट्या सोडल्या तर
शंभरात ब्याण्णव हिरवे.
बगळ्यानं माझे नव्वदच्या वर कधी गेले नव्हते.

हे देवमनला सांगितलेलं नाही.
सुगंधाला माहीत आहे. मोजणारी तीच.

पण चौथ्याच दिवशी मी वरूडला गेलो होतो,
हकीमुद्दीनभाईंच्या दुकानात.
चष्मा कपाळावर ढकलून भाई म्हणाले,
घोडा घे. बगळ्याचं पोलाद आता पहिल्यासारखं येत नाही,
भावाभावांनी कारखाना वाटून घेतला.
विकणाराच असं सांगत होता.
मी म्हणालो, बगळाच द्या.
"काहून रे?"

काय सांगणार.
मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा
ह्याच गल्ल्यावरून तुम्ही मला उधार दिला होता, हे?
की उघडताना बगळा दोनदा वाजतो,
एकदा कट्, मग जरा हळू, पुन्हा कट्,
आणि त्या दुसऱ्या आवाजाला
माझा अंगठा आपोआप मागे सरतो?
घोडा एकदाच वाजतो.
तीन दिवसांत तीनदा रक्त निघालं.
शंभरात ब्याण्णव, आणि अंगठ्याला तीन चिंध्या.

आणि एक गोष्ट भाईंना सांगण्यासारखी नव्हतीच.
दोघांच्याही खिशात घोडा असता
तर दुपारी डबा उघडून
आम्ही काय बोललो असतो?

नवा बगळा अजून अंगाला आलेला नाही.
त्याचे पाय शाबूत आहेत, पाणीसुद्धा.
बंद करताना करकरतो.
मी रोज घासतो.

जुना फाल्गुनात सापडला,
निंदताना सुगंधाच्या खुरप्याला खणकन लागला.
मूठ वाळवीनं खाल्लेली, पातं तांबडं,
चोच तेवढी ओळखू येत होती.
तिनं पदरानं पुसून माझ्या डब्याशेजारी ठेवला.

देवमननं घास चावता चावता
एकदा जुन्याकडे पाहिलं, एकदा नव्याकडे.
"दोन बगये झाले तुये," म्हणाला,
"आता एखादं तयं खन."